नकार देणारे ठिगळ

अँड्रॉइडच्या अ‍ॅपमधल्या एका बटणाचा रंग बदलायचा असेल, तर डेव्हलपरला कोडची एखादी ओळ बदलावी लागते. त्याला काही सेकंद पुरतात. तो रंग फोनवर दिसेपर्यंत मात्र संगणकाला बरीच उस्तवार करावी लागते. कोटलिन किंवा जावातल्या कोडचे आधी बाइटकोडमध्ये रूपांतर, मग अँड्रॉइडला समजणाऱ्या डेक्स फाइलींत रूपांतर, चित्रे आणि स्क्रीनची मांडणी यांची वेगळी जुळणी, सगळ्याचे एका एपीके फाइलमध्ये गाठोडे, त्यावर डिजिटल स्वाक्षरी, केबलवरून फोनमध्ये रवानगी, इन्स्टॉल, आणि शेवटी अ‍ॅपची नव्याने सुरुवात. ही सुरुवात होते पहिल्या स्क्रीनपासून. बटण पाचव्या स्क्रीनवर असेल, तर पुन्हा लॉगिन करा, यादी उघडा, वस्तू निवडा, पत्ता भरा आणि मग त्या बटणापाशी पोहोचा. लहान अ‍ॅपमध्ये हे चटकन आटोपते, शेकडो मॉड्यूल असलेल्या अ‍ॅपमध्ये मिनिटे जातात. समजा एका फेऱ्याला २ मिनिटे धरली आणि दिवसात असे ४० फेरे झाले, तर ८० मिनिटे केवळ वाट पाहण्यात गेली.

या ८० मिनिटांचा हिशेब करताना मिनिटांपेक्षा त्यांचे तुकडे महत्त्वाचे. दोन मिनिटांत दुसरे काम हाती घेता येत नाही आणि नुसते बसवतही नाही. माणूस फोन उघडतो, शेजारच्याशी बोलतो, आणि परत स्क्रीनकडे वळतो तेव्हा आपण नेमके काय तपासत होतो हे त्याला आठवावे लागते. एक कौल फुटले म्हणून सगळे छप्पर उतरवायचे कशाला, हा विचार म्हणूनच या धंद्यात पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. पूर्ण अ‍ॅप बांधण्याऐवजी बदललेला तुकडा तेवढा तयार करायचा आणि फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ठिगळासारखा नेऊन बसवायचा. फेसबुकने आपल्या ‘बक’ या बिल्ड साधनात तशी सोय केली, अलीबाबा समूहातल्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये ‘फ्रीलाइन’ खुले केले, आणि त्याच वर्षी गुगलच्या अँड्रॉइड स्टुडिओ २.० मध्ये ‘इन्स्टंट रन’ आले. हा मार्ग योग्य आहे, असे माझे मत आहे. फक्त अशा साधनाची किंमत त्याच्या वेगावर करू नये. ज्या बदलाला ठिगळ पुरणार नाही तो ओळखून ‘हे माझ्याने होणार नाही, पूर्ण बिल्ड करा’ असे ते स्वतःहून सांगते का, यावर करावी. वेगावर भाळून हा गुण दुर्लक्षिला की काय होते, हे गेल्या दशकात पुरेसे दिसले आहे.

खरे तर ते त्याच्या कितीतरी आधी दिसले होते. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हा प्रोग्रॅम लिहिला, त्यामागची हकीकत संगणकाच्या जगात प्रसिद्ध आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ एका चुकीच्या मागे वाया गेली. ती चूक त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती, पण दुरुस्त केलेली फाइल नव्याने कंपाइल करायची राहिली होती. त्यामुळे प्रोग्रॅममध्ये जुनाच तुकडा जोडला जात होता आणि जॉन्सन बरोबर लिहिलेल्या कोडमध्ये चूक शोधत बसले होते. यावर ‘दर वेळी सगळेच बांधा’ असे फेल्डमन यांनी सांगितले नाही, त्या काळच्या यंत्रांवर ते परवडलेही नसते. कोणता तुकडा कशावर अवलंबून आहे हे त्यांनी लिहून ठेवायला लावले, आणि फाइलींच्या वेळा ताडून शिळे झालेले तुकडे तेवढे बांधायची व्यवस्था केली. अर्धवट बांधणीत वाचलेला वेळ सेकंदांत मोजता येतो. जुना तुकडा गुपचूप मागे राहिला तर जाणाऱ्या वेळाचा अंदाजच करता येत नाही, कारण माणूस भलतीकडे शोधत असतो आणि आपण भलतीकडे शोधतो आहोत हे त्याला ठाऊक नसते.

इन्स्टंट रनने नेमके हेच संकट हजारो डेव्हलपरांच्या टेबलावर आणून ठेवले. कल्पना हुशार होती. बिल्ड करताना प्रत्येक क्लासमध्ये एक छुपे फील्ड घातले जाई, आणि प्रत्येक मेथडच्या सुरुवातीला ‘माझी नवी आवृत्ती आली आहे का’ अशी विचारणा पेरली जाई. नवी आवृत्ती आलेली असली की काम तिकडे वळवायचे. मेथडच्या आतला मजकूर बदलला तर अ‍ॅप बंद न करता बदल लागू होई, चित्र किंवा मांडणी बदलली तर तेवढी स्क्रीन पुन्हा उघडे, आणि क्लासचा सांगाडाच बदलला तर अ‍ॅप नव्याने सुरू होई. या तीन पायऱ्यांमधली निवड साधन आपल्या मनाने करी, आणि डेव्हलपरला दिसे ते एक पिवळे विजेचे चिन्ह. प्रात्यक्षिकात हे पाहून टाळ्या पडाव्यात यात नवल नाही. रोजच्या कामात मात्र दोन गोष्टी खुपू लागल्या. पहिली अशी की, डेव्हलपरच्या फोनवर चालणारे अ‍ॅप हे त्याने लिहिलेले अ‍ॅप राहिलेच नव्हते, त्याच्या प्रत्येक मेथडमध्ये उपऱ्या ओळी मिसळलेल्या होत्या. त्यातून उद्भवलेली बिघाडाची लक्षणे आपल्या कोडची की या ओळींची, हे वेगळे काढणे अवघड होते. दुसरी अशी की, अ‍ॅप सुरू होताना एकदाच चालणारी मेथड बदलली, तर नवी मेथड निमूटपणे जागेवर बसे, पण ती पुन्हा चालतच नसे. साधन म्हणे, बदल लागू झाला. स्क्रीन म्हणे, काही बदललेले नाही.

अशा वेळी माणसे साधनावर भरवसा ठेवणे सोडून देतात आणि तोडगे शोधतात. ‘क्लीन कर, रीबिल्ड कर, तरी नाही झाले तर अनइन्स्टॉल करून परत टाक’ हा मंत्र अँड्रॉइडच्या टीमांमध्ये तोंडपाठ झाला तो याच काळात. कित्येकांनी सेटिंगमध्ये जाऊन इन्स्टंट रन कायमचे बंद केले. यातली गंमत अशी की, तोडगा म्हणून केलेले क्लीन बिल्ड हे सर्वांत संथ बिल्ड असते. आधी वाचवलेली सेकंदे अशा एका फेऱ्यात परत जात. वेगासाठी आणलेल्या साधनाने कामाचा वेग कमी केला, आणि त्यामागे तांत्रिक कौशल्याची कमतरता नव्हती. हे साधन आपल्या कुवतीबाहेरच्या बदलांनाही होकार देत होते, एवढेच.

ऑगस्ट २०१९ मध्ये अँड्रॉइड स्टुडिओ ३.५ आला तेव्हा गुगलने इन्स्टंट रन काढून टाकले आणि ‘अ‍ॅप्लाय चेंजेस’ आणले. नव्या रचनेत कोडमध्ये उपऱ्या ओळी पेरायचे बंद झाले. त्याऐवजी अँड्रॉइड ८.० पासून खुद्द ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चालू प्रोग्रॅमचे क्लास बदलण्याची जी सोय आली होती, तिचा आधार घेतला गेला. म्हणजे ८.० च्या आतल्या फोनवर ही सोय मिळणार नव्हती, आणि ते सरळ सांगून टाकलेले होते. मुख्य फरक डेव्हलपरच्या हातात पडलेल्या बटणांमध्ये होता. फक्त कोड बदला, कोड बदलून स्क्रीन पुन्हा उघडा, आणि पूर्ण रन, अशा तीन कृती वेगळ्या झाल्या आणि त्यांतली निवड माणसाकडे आली. सुरुवातीच्या आवृत्तीत क्लासमध्ये नवी मेथड घातली किंवा मॅनिफेस्ट बदलला की साधन थांबून सांगे, हे चालू अ‍ॅपमध्ये होणार नाही. अँड्रॉइड ११ पासून नवी मेथड घालण्यासारखे काही बदलही चालू लागले. आधी नकार स्पष्ट ठरवला आणि मग त्याची हद्द एकेक पाऊल मागे सरकवली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. इन्स्टंट रनची सुरुवात उलट्या टोकाकडून झाली होती.

या एका उदाहरणावरून नियम काढणे घाईचे झाले असते, पण सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे जेमतेम महिनाभराने, रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या ०.६१ या आवृत्तीत ‘फास्ट रिफ्रेश’ आले. तिथेही आधीचे ‘हॉट रीलोडिंग’ अधूनमधून अर्धवट बदल लावून मोकळे होई आणि लोक ते बंद करून ठेवत. नव्या पद्धतीत बदल फक्त स्क्रीनच्या घटकापुरता असेल तर तेवढाच बदलायचा, त्याचे धागे बाहेर गेलेले असतील तर तेही घटक पुन्हा चालवायचे, आणि तेवढ्याने भागत नसेल तर सगळे अ‍ॅप नव्याने लोड करायचे, अशी उतरंड ठरली. फ्लटरचे हॉट रीलोड या सगळ्यांत चपळ मानले जाते. त्याच्या अधिकृत माहितीत ते कुठे चालत नाही याची चांगली लांब यादी आहे. मुख्य मेथडमधला बदल, आधीच भरून ठेवलेली स्थिर मूल्ये, मूळ प्लॅटफॉर्मचा कोड, यांसाठी अ‍ॅप पुन्हा सुरू करा, असे तिथे स्वच्छ लिहिलेले आहे. परस्परांचे स्पर्धक असलेल्या, वेगवेगळ्या भाषांवर उभ्या असलेल्या साधनांनी चटके खाऊन किंवा न खाता एकच शहाणपण स्वीकारले, याला मी पुरावा मानतो.

यावर एक आक्षेप कायम घेतला जातो की, ही सगळी कसरत करण्यापेक्षा जलद यंत्रे घ्या, अ‍ॅपची नीट मॉड्यूलांत विभागणी करा, बिल्डचा कॅश सर्व्हरवर ठेवा, म्हणजे पूर्ण बिल्डच झटपट होईल. विभागणीचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे. अवलंबित्वाचा गुंता झालेल्या कोडला कोणतेही ठिगळ नीट बसत नाही. पण कॅश म्हणजे तरी काय? न बदललेला तुकडा पुन्हा न बांधणे. तेही अर्धवट बांधणेच झाले, त्यालाही शिळा तुकडा ओळखावा लागतो. आणि यंत्र कितीही जलद असले तरी नव्याने सुरू झालेले अ‍ॅप पहिल्या स्क्रीनवरच उघडणार, भरलेला पत्ता पुसला जाणारच. राहिला खर्चाचा प्रश्न. मोठ्या कंपनीला डझनभर ताकदवान सर्व्हर परवडतात. बेताच्या मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर अँड्रॉइड शिकणाऱ्या विद्यार्थ्याला, एमुलेटर सुरू केला की पंखा घरघरू लागणाऱ्या यंत्रावर, पूर्ण बिल्ड आणि ठिगळ यांतला फरक सर्वाधिक जाणवतो. शिकण्याच्या काळात केलेला बदल लगेच दिसणे ही चैन नव्हे.

दुसरा आक्षेप जुन्या पिढीचा, आणि तो मी हलक्यात घेत नाही. कंपाइलला वेळ लागत होता तेव्हा माणूस विचार करून लिहीत असे, आता बदलून बघ, नाही जमले तर पुन्हा बदल, असा चाळा झाला आहे, असे म्हणतात. यात तथ्य आहे. व्याजाचा हिशेब करणारी मेथड स्क्रीनकडे बघत बघत जुळवू नये, तिच्यासाठी चाचण्या लिहाव्यात. पण मोबाइल अ‍ॅपचे बरेचसे काम डोळ्यांनी ठरते. देवनागरीतला मजकूर इंग्रजीपेक्षा उंच असतो, वेलांट्या आणि उकार वरखाली जागा खातात, इंग्रजी मजकुराच्या मापाने आखलेल्या बटणात मराठी शब्द कापला जातो. यासाठी आधी कितीही विचार केला तरी शेवटी पाहूनच ठरवावे लागते, आणि पाहायला दोन मिनिटे लागत असतील तर माणूस तिसऱ्या वेळी ‘चालेल’ म्हणून सोडून देतो. आपल्याकडच्या अ‍ॅपमध्ये अर्ध्यावर कापलेली जी मराठी दिसते, तिच्यामागे अनास्था असतेच, पण हा कंटाळाही असावा.

इथवर गोष्ट डेव्हलपरच्या टेबलावरची झाली. वापरणाऱ्याच्या फोनपर्यंत ठिगळ पोहोचते तेव्हा निकष आणखी कडक हवा. तो कसा असावा याचा उत्तम नमुना फारसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तो मुकाट काम करतो. अ‍ॅप अपडेट होते तेव्हा गुगल प्ले सहसा पूर्ण फाइल पाठवत नाही, जुन्या आणि नव्या फाइलीतला फरक पाठवते. २०१६ च्या मध्यावर गुगलने यासाठी कॉलिन पर्सिव्हल यांनी लिहिलेली ‘बीएसडिफ’ ही पद्धत घेतली, आणि अपडेटचा आकार पूर्ण अ‍ॅपच्या तुलनेत सरासरी ४७ टक्क्यांनी घटल्याचे सांगितले. डिसेंबरमध्ये पुढची पायरी आली. एपीके ही दाबून बसवलेली झिप फाइल असते, आत एक अक्षर बदलले तरी दाबल्यावर पुढचा बराच भाग वेगळा दिसतो. म्हणून आधी फाइली उघडायच्या, मोकळ्या स्थितीत फरक काढायचा, फोनवर तो लावायचा आणि पुन्हा हुबेहूब पूर्वीसारखे दाबायचे. घट सरासरी ६५ टक्क्यांवर गेली, काही अ‍ॅपच्या बाबतीत ९० टक्क्यांच्याही पुढे. ‘हुबेहूब’ हा यातला कळीचा भाग आहे. ठिगळ लावून तयार झालेली फाइल पूर्ण बिल्डमधून निघालेल्या फाइलीशी एकेक बाइट जुळली पाहिजे, नाहीतर डिजिटल स्वाक्षरी खोटी ठरते आणि फोन ती नाकारतो. फोनला त्यासाठी मेहनत पडते, म्हणून गुगलने ही पद्धत आपोआप होणाऱ्या अपडेटपुरती ठेवली. मोजक्या डेटा पॅकवर चालणाऱ्या फोनला या काटकसरीचा फायदा रोज मिळतो, आणि त्यात सत्याशी तडजोड कुठेही नाही.

याच्या उलट नमुना १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिला. तो मोबाइलचा नव्हता, पण मुद्दा तोच आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोजवर चालणाऱ्या आपल्या प्रोग्रॅमसाठी एक छोटी फाइल पाठवली. मूळ प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या टप्प्याटप्प्याने सोडल्या जात आणि त्या कधी घ्यायच्या हे ग्राहकाला ठरवता येई. या छोट्या फाइलींना ती शिस्त लागू नव्हती, त्या एकदम सगळीकडे जात. प्रोग्रॅमची तयारी २० मूल्यांची होती, फाइल एकविसावे मागत होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक बंद पडले, भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. फाइल छोटी आहे, प्रोग्रॅम तर बदललेला नाही, अशी समजूत करून घेऊन तिला मागच्या दाराने सोडले होते. प्रोग्रॅमचे वागणे ज्याने बदलते तो प्रोग्रॅमचाच भाग असतो, त्याला नाव काहीही द्या.

मोबाइलच्या जगात हे मागचे दार बऱ्याच वर्षांपासून उघडे आहे. स्टोअरची तपासणी टाळून चालू अ‍ॅपमध्ये थेट नवा कोड पोहोचवणारी साधने २०१५-१६ च्या सुमारास चीनमध्ये जोरात होती, वीचॅटच्या टीमने ‘टिंकर’ तेव्हाच खुले केले. आयफोनसाठीच्या ‘जेएसपॅच’सारख्या साधनांवर अ‍ॅपलने मार्च २०१७ मध्ये बडगा उगारला. तपासणीनंतर अ‍ॅपचे वागणे हवे तसे बदलता येणे हे नियमबाह्य आहे, असे डेव्हलपरांना कळवले. गुगल प्लेचाही नियम आहे की, अ‍ॅपने स्वतःला प्लेच्या बाहेरून बदलू नये. जावास्क्रिप्टसारख्या, दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत चालणाऱ्या कोडला मात्र दोन्हीकडे मुभा आहे, आणि त्या फटीतून रिअ‍ॅक्ट नेटिव्हची अ‍ॅप आपले ठिगळ पाठवत असतात. मायक्रोसॉफ्टची ‘कोडपुश’ ही त्यासाठीची लोकप्रिय सेवा ३१ मार्च २०२५ रोजी बंद झाली. गरज काही संपलेली नाही. ज्यांना हवे ते इतर सेवांकडे गेले किंवा आपला सर्व्हर चालवू लागले.

ही मुभा काढूनच टाका, असे मी म्हणणार नाही. पैसे दोनदा कापले जात आहेत असे रात्री लक्षात आले, तर दुरुस्तीसाठी स्टोअरच्या तपासणीची वाट पाहणे हे ग्राहकाच्याच मुळावर येते. अ‍ॅपलची तपासणी कधी तासांत होते, कधी लांबते, त्यावर कोणाचा ताबा नाही. पण टेबलावरच्या ठिगळाला जो निकष लावला तोच इथे लावायला हवा. आपण ठिगळ आहोत हे त्याने सांगितले पाहिजे, ते टप्प्याटप्प्याने गेले पाहिजे, बसले नाही तर अ‍ॅपने आपोआप मूळ आवृत्तीवर परतले पाहिजे, आणि पुढच्या पूर्ण बिल्डमध्ये तो बदल मूळ कोडमधूनच आला पाहिजे. आज होते असे की, ठिगळावर ठिगळ चढते, स्टोअरवरची आवृत्ती महिनोन्‌महिने तीच राहते, आणि दोन शेजाऱ्यांच्या फोनवर एकाच आकड्याची दोन वेगळी अ‍ॅप चालत असतात.

खासगी कंपनीने हे केले तर नाराज ग्राहक दुसरीकडे जाऊ शकतो. सरकारी अ‍ॅपला दुसरीकडे नसते. ई-पीक पाहणीसारख्या अ‍ॅपवर शेतकरी बांधावर उभा राहून ठरलेल्या मुदतीत पिकाची नोंद करतो, आणि पुढचे बरेच काही त्या नोंदीवर अवलंबून असते. नोंद झाली की नाही असा वाद उद्भवला, तर त्या दिवशी त्या फोनवर नेमका कोणता कोड चालू होता हे सांगता आले पाहिजे. ही अ‍ॅप बनवून घेणाऱ्या खात्यांनी निविदेतच तीन अटी घालाव्यात. स्टोअरवर जाणारे प्रत्येक बिल्ड रिकाम्या यंत्रावर, मूळ कोडपासून पूर्ण बांधलेले असावे. स्टोअरबाहेरून काही बदल पाठवायची सोय असल्यास ती जाहीर असावी आणि अशा प्रत्येक बदलाची तारीख व कारण यांची नोंद खात्याकडे राहावी, केवळ ठेकेदाराकडे नव्हे. आणि अ‍ॅपच्या माहितीच्या स्क्रीनवर आवृत्तीच्या आकड्याशेजारी त्या बदलाचाही आकडा छापलेला असावा, म्हणजे तलाठ्याकडे किंवा मदत केंद्रावर तक्रार करताना शेतकऱ्याला तो वाचून दाखवता येईल.